नायोबियम धातू : गुणधर्म, उपयोग आणि हाताळणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायोबियम हा नेमका कसला धातू आहे?

अणुक्रमांक ४१. आवर्तसारणीत हा पाचव्या गटातला संक्रमण धातू. वरच्या घरात व्हॅनेडियम, खालच्या घरात टँटलम, डावीकडे झिर्कोनियम आणि उजवीकडे मॉलिब्डेनम. घनता दर घन सेंटिमीटरला ८.५७ ग्रॅम, म्हणजे पोलादापेक्षा थोडी जास्त आणि तांब्यापेक्षा थोडी कमी. वितळबिंदू २४७७ अंश सेल्सिअस. निसर्गात त्याचा एकच स्थिर समस्थानिक सापडतो, वस्तुमानांक ९३ चा.

इतक्या उंच तापमानाला वितळणारा धातू कडक असेल असा अनेकांचा समज असतो. शुद्ध नायोबियम उलट मऊ असते. त्याची तार हाताने वाकते आणि पत्रा गार असतानाच ठोकून खोल वाटी करता येते. अट एकच, ते शुद्ध असले पाहिजे. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि हायड्रोजन हे लहान अणू नायोबियमच्या अणूंच्या जाळीत सहज शिरतात आणि एकदा शिरले की धातू ठिसूळ करून सोडतात. या धातूबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून याच एका स्वभावापाशी येतात. पोलादात हीच ओढ कामाला लावलेली असते, रॉकेटच्या नोझलमध्ये तीच मुळावर येते आणि दागिन्यात तिचेच रंग होतात.

काही ठिकाणी ‘कोलंबियम’ असे नाव दिसते. तो वेगळा धातू आहे का?

नाही, धातू तोच. १८०१ मध्ये चार्ल्स हॅचेट यांना ब्रिटिश म्युझियममधल्या एका काळ्या खनिजाच्या नमुन्यात नवे मूलद्रव्य आढळले. नमुना अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा होता, म्हणून त्यांनी त्याला कोलंबियम म्हटले. १८०९ मध्ये वोलास्टन यांनी कोलंबियम आणि टँटलम एकच असल्याचे जाहीर केले आणि पुढची काही दशके घोळ चालू राहिला. चूक अगदीच अडाणीपणाची नव्हती, कारण हे दोन धातू रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावांसारखे आहेत आणि खनिजातही बहुधा एकत्रच सापडतात. १८४४ मध्ये हाइनरिश रोझ यांनी दोघांतला फरक मांडला आणि ग्रीक पुराणातल्या टँटलसची मुलगी नायोबी हिच्यावरून नवे नाव दिले. १८६० च्या दशकात ब्लोमस्ट्रँड आणि मारिन्याक यांच्या कामाने वाद मिटला.

नावाचा निकाल मात्र १९४९-५० मध्ये लागला. आंतरराष्ट्रीय रसायन संघाने ‘नायोबियम’ स्वीकारले, तरी अमेरिकी धातुउद्योगात जुने नाव टिकून राहिले. अंतराळ क्षेत्रात तर आजही ते चालते. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन नोझलची घोषणा केली, तेव्हा आधीची नोझल ‘कोलंबियम मिश्रधातू’ची असल्याचेच म्हटले होते.

सगळ्यात जास्त नायोबियम कुठे खपते?

पोलादात. जगातल्या नायोबियमपैकी दहात आठ-नऊ भाग फेरोनायोबियम या लोखंड-नायोबियम मिश्रधातूच्या रूपात पोलाद कारखान्यांत जातात. अतिसंवाहक (वीज विनारोध वाहून नेणारे पदार्थ), रॉकेट आणि दागिने यांची चर्चा जास्त होते, वजनाने त्यांचा वाटा थोडाच.

टनभर पोलादात चिमूटभर नायोबियम घालून काय होते?

प्रमाण खरेच चिमूटभर असते : ०.०२ ते ०.०५ टक्के, म्हणजे टनाला २०० ते ५०० ग्रॅम.

स्लॅब, म्हणजे पोलादाची ओतलेली जाड लादी, भट्टीत तापवतात तेव्हा नायोबियम ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे पोलादाच्या तप्त रूपात, विरघळते. मग लाटण सुरू होते. साध्या कार्बन-मँगनीज पोलादात प्रत्येक दाबानंतर धातूचे चेपलेले स्फटिककण पुन्हा नव्याने स्फटिकतात आणि हळूहळू वाढतात. नायोबियम असेल तर तापमान साधारण ९५० अंशांच्या खाली आले की हे पुनर्स्फटिकीकरण जवळपास थांबते. कणसीमांवर नायोबियम कार्बोनायट्राइडचे काही नॅनोमीटरचे अवक्षेप (धातूतून वेगळे पडलेले कण) बसतात आणि सीमेला हलू देत नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक दाबाने कण चपटे होत जातात. पुढे थंड होताना या चपट्या कणांच्या सीमांवर फेराइटचे, म्हणजे थंड पोलादातल्या रूपाचे, असंख्य बारीक कण जन्म घेतात.

बारीक कणांचा फायदा दुहेरी. पोलाद मजबूत करण्याच्या बाकीच्या बहुतेक उपायांत चिवटपणा घटतो. कण बारीक केले तर मजबुती आणि चिवटपणा दोन्ही वाढतात. शिवाय कार्बन कमी ठेवता येत असल्याने वेल्डिंग सोपे होते. एक्स ७० आणि एक्स ८० प्रतीच्या वायुवाहिन्यांचे पाइप, मोटारींच्या चॅसिसचे पत्रे आणि पुलांच्या जाड प्लेटा यांत नायोबियम असते ते यासाठी.

लाटण्याचे तापमान सांभाळता येत नसेल तर मात्र नायोबियमवर केलेला खर्च वाया जातो. सगळे दाब १०५० अंशांच्या वरच उरकले तर कण साध्या पोलादासारखेच राहतात आणि चाचणीत ‘नायोबियम आहे, पण मजबुती नाही’ असा निकाल येतो.

स्लॅब किती तापवायचा?

सगळे नायोबियम विरघळेल इतका. ते तापमान कार्बनवर अवलंबून असते. धातुशास्त्रज्ञ इर्विन यांचे सूत्र अजूनही सर्रास वापरतात : नायोबियमची टक्केवारी गुणिले (कार्बन + नायट्रोजनचे १२/१४), या गुणाकाराचा लॉग = २.२६ − ६७७०/केल्विनमधील तापमान.

नायोबियम ०.०४, कार्बन ०.१० आणि नायट्रोजन ०.००५ टक्के धरले तर उत्तर सुमारे ११८५ अंश सेल्सिअस येते. कार्बन निम्म्यावर, ०.०५ वर आणला तर तेच ११०० च्या आसपास उतरते. हे सैद्धांतिक तापमान झाले. स्लॅबच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात ४०-५० अंश वर आणि पुरेसा मुक्काम ठेवतात. फार वर गेलात तर ऑस्टेनाइटचे कण बेसुमार वाढतात आणि पपुद्र्यात लोखंड जळून जाते ते वेगळेच.

लेडलमध्ये (द्रव पोलादाच्या भांड्यात) फेरोनायोबियम किती आणि केव्हा टाकायचे?

हिशेब सोपा आहे. १५० टन पोलादात ०.०३ टक्के नायोबियम हवे तर ४५ किलो धातू लागला. फेरोनायोबियममध्ये ६५ टक्के नायोबियम आणि उतारा (पोलादात खरोखर उतरणारा भाग) ९६ टक्के धरला तर ४५ ÷ (०.६५ × ०.९६) = सुमारे ७२ किलो.

आधी ॲल्युमिनियमने ऑक्सिजन मारून घ्यायचा, मगच फेरोनायोबियम टाकायचे. नायोबियम टायटॅनियमइतके चटकन जळत नाही, पण ऑक्सिजन उरला असेल तर थोडे मळीत जातेच. दुसरी गोष्ट, ६५ टक्क्यांच्या प्रतीचा वितळपल्ला द्रव पोलादाच्या तापमानाच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे खडे झटकन वितळत नाहीत, साखरेच्या खड्यांसारखे हळूहळू विरघळतात, आणि पोलादापेक्षा जड असल्याने तळाशी जातात. मोठे ढेकूळ, मंद आर्गॉन आणि लगेच घेतलेला नमुना, या तीन गोष्टी जुळल्या की नमुन्यात नायोबियम कमी दिसते. मग कोणीतरी आणखी दोन पिशव्या टाकतो आणि ओतकामात प्रमाण मर्यादेबाहेर जाते. खडे ठरलेल्या आकाराचे ठेवा, टाकल्यावर काही मिनिटे चांगले ढवळू द्या आणि मग नमुना घ्या.

नायोबियमच्या पोलादात स्लॅबच्या कोपऱ्यांना आडव्या भेगा का पडतात?

सततच्या ओतकामात वक्र स्लॅब सरळ करतात तिथे वरच्या बाजूवर ताण येतो. नायोबियम असलेल्या पोलादाची तन्यता साधारण ७०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात घसरते, कारण कणसीमांवर अवक्षेप बसलेले असतात आणि सीमेलगत फेराइटची पातळ पट्टी तयार होते. कोपरा दोन बाजूंनी थंड होतो, म्हणून नेमका तोच या पट्ट्यात सापडतो.

उपाय म्हणजे साच्याखाली मारले जाणारे दुय्यम पाणी असे बसवायचे की सरळ करताना कोपरा या पट्ट्याच्या वर राहील. नायट्रोजन कमी ठेवा, थोडे टायटॅनियम देऊन तो आधीच बांधून टाका, आणि साच्याच्या हेलकाव्यांच्या खुणा उथळ ठेवा. भेगा त्या खुणांच्या तळापासूनच सुरू होतात. कार्बन ०.०९ ते ०.१७ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर त्रास वाढतो. शक्य असेल तर रचनाच त्याखाली आणणे उत्तम.

घराच्या बांधकामातल्या टीएमटी सळईत नायोबियम असते का?

बहुतेक सळयांत नसते, आणि गरजही नसते. टीएमटीची ताकद लाटल्यावर लगेच मारलेल्या पाण्यातून येते. काही उच्च प्रतींत सूक्ष्ममिश्रण (असे चिमूटभर धातू घालणे) करतात, पण सळई निवडताना ‘नायोबियम आहे का’ यापेक्षा मानकाचा शिक्का आणि चाचणीचा दाखला पाहावा.

स्टेनलेस स्टीलच्या ३४७ प्रतीत नायोबियम कशासाठी?

साधे ३०४ स्टेनलेस ४२५ ते ८५० अंशांच्या दरम्यान रेंगाळले की त्यातला कार्बन कणसीमांवर क्रोमियम पकडून बसतो. सीमेलगतचे क्रोमियम कमी झाले की गंज तिथूनच आत शिरतो. वेल्डच्या बाजूला काही मिलिमीटरवर हे हमखास दिसते. ३४७ मध्ये कार्बनच्या निदान दहापट नायोबियम असते. ते कार्बनला आधीच बांधून ठेवते आणि क्रोमियम मोकळे राहते.

३२१ प्रतीत हेच काम टायटॅनियम करते. पण वेल्डच्या कमानीत टायटॅनियम जळते, म्हणून ३२१ चे तुकडे जोडायलाही भरणी ३४७ चीच वापरतात. दुकानदार कधी ३०८ ची कांडी पुढे करतो. उंच तापमानाच्या कामाला ती घेऊ नका.

३४७ ची एक खोड मात्र आहे. वेल्डला अगदी चिकटून असलेला पट्टा इतका तापतो की नायोबियम कार्बाइडच विरघळते. पुढे तो भाग पुन्हा मधल्या तापमानात गेला तर क्रोमियम कार्बाइड बसते आणि सुरीने कापल्यासारखी गंजरेषा पडते. अशा कामाला वेल्डनंतर ८७० ते ९०० अंशांची स्थिरीकरण प्रक्रिया करतात. त्यात नायोबियम कार्बाइड परत तयार होते.

जेट इंजिनच्या ७१८ मिश्रधातूत नायोबियमचे काम काय?

१९६० च्या सुमाराला इन्को कंपनीत हर्बर्ट आइझेलस्टाइन यांनी इन्कोनेल ७१८ हा निकेलचा मिश्रधातू विकसित केला. त्यात सुमारे ५ टक्के नायोबियम असते. निकेल आणि नायोबियम यांच्या अतिबारीक तबकड्या धातूत तयार होतात आणि त्यांतून मजबुती येते. नेहमीची पद्धत म्हणजे ७२० अंशांवर ८ तास, मग हळूहळू ६२० वर आणून पुन्हा ८ तास. या तबकड्या सावकाश तयार होतात, म्हणून ७१८ वेल्डिंगनंतरच्या तापवणीत सहसा तडकत नाही. त्याच्या लोकप्रियतेचे अर्धे श्रेय याला जाते. ६५० अंशांच्या वर दीर्घकाळ ठेवला की तबकड्या जाड डेल्टा रूपात बदलतात आणि ताकद उतरते. ओतीव भागांत किंवा वेल्डमध्ये नायोबियम शेवटी गोठणाऱ्या जागी साचून लाव्हेस प्रावस्था नावाचे ठिसूळ संयुग होते. तिच्यासाठी आधी उच्च तापमानाला भाजून रचना सगळीकडे सारखी (समांगीकरण) करावी लागते.

रॉकेटच्या नोझलला नायोबियम वापरतात, पण ते हवेत जळते असेही म्हणतात. हे कसे?

दोन्ही खरे. सी-१०३ या मिश्रधातूत नायोबियमसोबत १० टक्के हाफ्नियम आणि १ टक्का टायटॅनियम असते. तो लाल-पिवळा होईपर्यंत तापला तरी आकार सोडत नाही, टंगस्टनपेक्षा खूप हलका आहे आणि पत्र्यासारखा घडवता येतो. स्पेस एक्सच्या मर्लिन इंजिनाच्या निर्वातातल्या आवृत्तीच्या नोझलचा लांब झगा नायोबियम मिश्रधातूचाच असतो.

दुबळेपणा ऑक्सिजनपुढे. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइड घट्ट चिकटून धातूचे रक्षण करतो. नायोबियमचा ऑक्साइड मूळ धातूच्या अडीचपटींहून अधिक जागा घेतो, त्यामुळे थर जाड झाला की तडकून सुटतो आणि खालचा ताजा धातू उघडा पडतो. हे साधारण ४०० अंशांपासूनच सुरू होते. म्हणून उपग्रहांच्या छोट्या इंजिनांवर सिलिसाइडचा लेप देतात. सिलिकॉन, क्रोमियम आणि लोखंड यांची भुकटी लावून निर्वातात भाजतात, म्हणजे वापरताना काचेसारखा थर तयार होतो. लेपाला कडेवर किंवा भोकाच्या काठावर एक टवका उडाला तरी त्या जागेतून नोझल खात जाते. तीक्ष्ण कडा गोल केल्याशिवाय लेप देऊ नये.

आधी सांगितलेल्या पीएसएलव्हीच्या नोझलमध्ये बदल झाला तो वजनासाठी. इस्रोच्या अंदाजाने कार्बन-कार्बनमुळे नोझलचे वजन सुमारे ६७ टक्के घटते आणि यानाची वहनक्षमता १५ किलोने वाढते.

नायोबियम वेल्ड करता येते का? तापवून मऊ करता येते का?

करता येते, पण हवेत नाही. ऑक्सि-ॲसिटिलिनची ज्योत त्याच्या जवळही नेऊ नका. उत्तम मार्ग निर्वातातले इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग. टिग (टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आवरणात केलेले वेल्डिंग) वापरायचे तर आर्गॉन भरलेल्या पेटीत करा. उघड्यावर केलेच तर जोडाच्या मागच्या बाजूने आणि शेपटीलाही, म्हणजे नुकत्या गोठलेल्या भागालाही, आर्गॉन द्या आणि जोड पुरता थंड होईपर्यंत तो बंद करू नका. जोडाची जागा आधी आम्लाने साफ करून ग्रीसविरहित ठेवा आणि बोटांचे ठसे उमटू देऊ नका. वेल्ड चांदीसारखा चकचकीत दिसला तर ठीक. पिवळा किंवा निळा पडला तर आवरण कमी पडले आहे. करडा, पिठूळ दिसला तर तो भाग कापूनच टाकावा, घासून उपयोग नाही, कारण ऑक्सिजन आत उतरलेला असतो.

पोलादाला थेट वेल्ड करायला जाऊ नका. लोखंड आणि नायोबियम मिळून ठिसूळ संयुग होते आणि जोड गार होतानाच तडकतो. अशा जागी ब्रेझिंग किंवा स्फोटाने सांधलेला मधला तुकडा वापरतात.

मऊ करण्याची भट्टीही निर्वाताचीच हवी. तसे शुद्ध नायोबियम गार कामात सावकाश कडक होते, त्यामुळे छोट्या कामात ती वेळ सहसा येत नाही. लेथवर ते तांब्यासारखे चिकट वागते. धारदार हत्यार, कमी वेग आणि भरपूर वंगण हवे, नाहीतर धातू हत्यारालाच चिकटतो.

एमआरआय यंत्रात नायोबियम कुठे असते?

मोठ्या चुंबकाच्या वेटोळ्यात. तारेत तांब्याच्या आत नायोबियम-टायटॅनियमचे केसापेक्षा बारीक तंतू असतात. वजनाने सुमारे ४७ टक्के टायटॅनियम. द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विनला, त्यांचा विद्युतरोध शून्य होतो. एकदा सोडलेला प्रवाह वेटोळ्यात फिरतच राहतो आणि १.५ किंवा ३ टेस्लाचे क्षेत्र वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच रुग्णालयातली वीज गेली तरी चुंबक चालूच असतो. खोलीत कात्री घेऊन जाऊ नका असे सांगतात ते याच कारणाने.

तारेचा एखादा भाग किंचित तापला तर अतिसंवाहकता मोडते, तिथे उष्णता होते, ती शेजारी पसरते आणि चुंबकाची सगळी ऊर्जा हेलियममध्ये उतरते. याला क्वेंच म्हणतात. द्रव हेलियमचा वायू होताना आकारमान सातशे पटींहून जास्त वाढते, म्हणून वायू बाहेर नेणारा स्वतंत्र पाइप सदैव मोकळा असावा लागतो. तारेतले तांबे याच क्षणासाठी असते, प्रवाहाला ते पर्यायी वाट देते.

मग नायोबियम-टिन कशाला हवे?

जास्त क्षेत्रासाठी. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमधले १२३२ मुख्य चुंबक नायोबियम-टायटॅनियमचे आहेत. ते १.९ केल्विनला ८.३ टेस्लापर्यंत जातात, आणि या तारेकडून त्याहून फार जास्त मागण्यात अर्थ नाही. नायोबियम-टिन १८ केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहते आणि वीसहून अधिक टेस्ला झेलते. फ्रान्समधल्या इटर या अणुसंलयन प्रकल्पाच्या मुख्य वेटोळ्यांत तेच आहे.

अडचण अशी की ते काचेसारखे ठिसूळ असते आणि तयार तार गुंडाळायला गेले तर तुटते. म्हणून नायोबियम आणि टिन वेगवेगळे ठेवून तार ओढतात, आधी वेटोळे गुंडाळतात आणि मग साधारण ६५० अंशांवर काही दिवस भाजतात. संयुग जागच्या जागी तयार होते. भाजल्यावर वेटोळ्याला धक्का लागता कामा नये. आवरणालाही तेवढी उष्णता सोसावी लागते, त्यामुळे नेहमीचे वार्निश चालत नाही, काचेच्या धाग्याचे विणकाम लागते.

भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राने नायोबियम-टायटॅनियमच्या तारा केल्या आहेत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या एसएसटी-१ या संलयनाच्या प्रयोगयंत्राची वेटोळीही याच मिश्रधातूची.

कणत्वरकांच्या पोकळ्या शुद्ध नायोबियमच्या का करतात?

पोकळी म्हणजे कणांना वेग देणारे विद्युतक्षेत्र जिच्यात भरतात ते पोकळ भांडे. शुद्ध मूलद्रव्यांत सामान्य दाबाला सर्वाधिक तापमानापर्यंत, ९.२ केल्विनपर्यंत, अतिसंवाहक राहणारा धातू हाच. उच्च वारंवारतेच्या क्षेत्रातही त्याच्यात ऊर्जेचा ऱ्हास अत्यल्प असतो. १.३ गिगाहर्ट्झच्या नऊ कप्प्यांच्या पोकळीसाठी २.८ मिलिमीटरचा पत्रा दाबून वाट्या करतात, इलेक्ट्रॉन बीमने जोडतात, आणि आतल्या बाजूचा शंभर-दीडशे मायक्रॉनचा दुखावलेला थर आम्लाने काढतात.

इथे हायड्रोजन घात करतो. आम्लात धातू हायड्रोजन पितो. पोकळी थंड करताना ७५ ते १५० केल्विनमध्ये रेंगाळली तर हायड्राइडचे कण बाहेर पडतात आणि ऱ्हास कित्येक पटींनी वाढतो. उपाय म्हणजे ८०० अंशांवर निर्वातात काही तास भाजून हायड्रोजन हाकलणे, किंवा तो पट्टा झपाट्याने ओलांडणे.

दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्राने अशा नायोबियमच्या पोकळ्या स्वतः बनवल्या. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) त्वरकात मात्र तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेल्या पोकळ्या आहेत. शिसे ७.२ केल्विनला अतिसंवाहक होते, मुलामा संस्थेतच देता येतो, पण कामगिरी नायोबियमच्या तुलनेत कमी.

तारापूरच्या अणुभट्टीशी नायोबियमचा काय संबंध?

तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधन ज्या दाबनलिकांत बसते, त्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम घातलेल्या मिश्रधातूच्या आहेत. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये त्या बनतात. आधीच्या पिढीतल्या झिर्कलॉय-२ च्या नलिका पाण्यातला हायड्रोजन जास्त ओढून घेत. हायड्राइड साचून नलिका तडकण्याचा धोका १९८३ मध्ये कॅनडातल्या पिकरिंगला प्रत्यक्ष दिसला. नायोबियमने ताकद वाढते, हायड्रोजनचे शोषण घटते आणि न्यूट्रॉनही फारसे खर्ची पडत नाहीत. टँटलम इथे कामाचा नाही, तो न्यूट्रॉन जवळपास अठरापट अधिक गिळतो.

नायोबियमच्या दागिन्यांवर रंग कसा चढवतात? तो रंग उडतो का?

रंगद्रव्य काहीच नसते. विजेने ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढवतात. त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दिसतो, पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तसाच. थराची जाडी व्होल्टला साधारण अडीच नॅनोमीटर, म्हणजे रंग व्होल्टवर ठरतो.

लागणारे सामान : शून्यापासून वाढवता येणारा आणि प्रवाहमर्यादा असलेला डीसी पुरवठा, १०० ते १२० व्होल्टपर्यंतचा. प्लॅस्टिकचे भांडे. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात एक मोठा चमचा ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा खाण्याचा सोडा. ऋण टोकाला स्टेनलेसची जाळी. वस्तू धन टोकाला, नायोबियम किंवा टायटॅनियमच्याच तारेने टांगलेली. तांब्याचा आकडा द्रवात बुडाला तर सगळा प्रवाह तोच खातो, विरघळतो आणि वस्तूवर रंग येतच नाही. मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो.

वस्तू साबणाने, मग ॲसिटोनने धुवा आणि नंतर बोट लावू नका. व्होल्ट हळूहळू चढवा. साधारण १५ ला तपकिरी, २० ला जांभळा, २५-३० ला गडद निळा, ४० च्या आसपास फिका आकाशी, ५०-५५ ला सोनेरी, ६०-६५ ला गुलाबी, ७५ ला पुन्हा जांभळट, ८५ ला मोरपिशी आणि ९५ च्या पुढे हिरवा. पृष्ठभागाच्या पोताप्रमाणे हे आकडे पाच-दहा व्होल्ट इकडे तिकडे होतात, म्हणून त्याच पत्र्याच्या कातरणावर आधी पट्टी करून घ्या. प्रवाह शून्याजवळ आला की रंग पूर्ण झाला.

मागे जाता येत नाही. ६० व्होल्टचा भाग ३० ला बुडवला तर काहीच बदलत नाही. दोन रंग हवे असतील तर याचाच फायदा घ्या : आधी झाकण लावून उंच व्होल्टचा रंग द्या, मग झाकण काढून कमी व्होल्टचा. आधीचा हलत नाही.

शंभर व्होल्टचा डीसी आणि ओले हात हे जीवघेणे आहे. रबरी हातमोजे घाला, पुरवठा बंद करूनच द्रवात हात घाला, आणि खिडकी उघडी ठेवा, कारण जाळीवर हायड्रोजन सुटतो.

रंग उन्हाने किंवा घामाने उडत नाही, घासल्याने जातो. कानातल्यांना चालतो, रोजच्या अंगठीला आतल्या कडेपुरता द्यावा. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना शुद्ध नायोबियम सहसा चालते, मात्र ‘नायोबियम प्लेटेड’ म्हणून विकले जाणारे घेऊ नका. ऑस्ट्रियाच्या टांकसाळीची २००३ पासून निघणारी २५ युरोची नाणी याच तंत्राची : बाहेर चांदीचे कडे, मध्ये रंगीत नायोबियम.

कोणत्या आम्लाने ते खराब होते?

नायट्रिक, थंड हायड्रोक्लोरिक, अगदी अम्लराजही त्याला थंडपणी काही करत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र खाते. गरम तीव्र सल्फ्युरिक आणि गरम कॉस्टिक सोडाही टाळा. हायड्रोफ्लोरिक वापरणाऱ्या कार्यशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी नसेल तर काम सुरूच करू नये.

मोबाइलमध्ये, चष्म्यात आणि बॅटरीत नायोबियम असते म्हणतात?

मोबाइलच्या रेडिओ फिल्टरमध्ये लिथियम नायोबेटचा स्फटिक असू शकतो. फायबर ऑप्टिकच्या मॉड्युलेटरांतही तोच. पातळ काचेच्या चष्म्यात नायोबियम ऑक्साइड अपवर्तनांक वाढवतो. बॅटरीत टायटॅनियम-नायोबियम ऑक्साइडचा ऋणाग्र येऊ घातला आहे. जून २०२४ मध्ये तोशिबा, सोजित्झ आणि नायोबियमची खाणकंपनी सीबीएमएम यांनी ब्राझीलमध्ये अशा बॅटरीची प्रायोगिक बस दाखवली, सुमारे दहा मिनिटांत चार्ज होणारी. ग्रॅफाइटच्या तुलनेत व्होल्टेज कमी मिळते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोटारीपेक्षा ठरलेल्या मार्गावर दिवसभर धावणाऱ्या वाहनाला ती जास्त शोभते.

नायोबियम येते कुठून? भारतात आहे का?

जगाचे सुमारे नव्वद टक्के ब्राझीलमधून, त्यातही मुख्यतः मिनास जेराइस राज्यातल्या अराशा इथल्या सीबीएमएमच्या खाणीतून. खनिज पायरोक्लोर. त्यानंतर ब्राझीलमधलेच काटालाओ आणि कॅनडातली नायोबेक खाण. इतक्या कमी हातांत असलेला धातू म्हणून अनेक देश त्याला संवेदनशील मानतात.

भारतात गुजरातमधले अंबा डोंगर आणि तमिळनाडूतले सेवत्तूर इथल्या कार्बोनेटाइट खडकांत पायरोक्लोर आहे. २०२३ मध्ये केंद्राने नायोबियमचा समावेश ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत केला, ऑगस्टमधल्या कायदेबदलाने ते अणुखनिजांच्या बंधनातून बाहेर आले, आणि ऑक्टोबरमध्ये स्वामित्वधन (रॉयल्टी) सरासरी विक्री किमतीच्या ३ टक्के ठरले. पोलाद कारखान्यांचे फेरोनायोबियम मात्र आयातीचेच आहे.

भंगारात मिळालेला तुकडा नायोबियम आहे, टायटॅनियम की टँटलम, हे घरी कसे ओळखायचे?

तिन्ही करडे आणि गंजत नाहीत. चुंबकाला तिन्हींपैकी एकही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने फक्त लोखंड बाजूला होते. खरी कसोटी घनतेची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तुकडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, तुकडा बारीक दोऱ्याने पाण्यात तळाला न टेकवता लोंबता धरा आणि आकडा वाचा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

५० ग्रॅमचा तुकडा नायोबियमचा असेल तर काटा सुमारे ५.८ दाखवेल, टायटॅनियमचा असेल तर ११, टँटलमचा असेल तर अवघे ३. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर उत्तर खाली घसरते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. भागाकार ६ ते ६.५ च्या दरम्यान आला तर हाती नायोबियम-टायटॅनियमची चुंबकाची तार असण्याची शक्यता आहे, मात्र तिच्यावरचे तांबे आधी नायट्रिक आम्लाने काढलेले असावे. ८.९ च्या आसपास आला तर निकेलचा मिश्रधातू आणि सी-१०३ यांत घनतेवरून निवाडा होत नाही. तिथे वर सांगितलेल्या सोड्याच्या पाण्यात ३० व्होल्ट लावून पाहा : निळा रंग चढला तर नायोबियमचा, नुसतेच बुडबुडे येऊन तुकडा काळवंडला तर निकेलचा.